रेंगाळणारा विषाणू: प्रतिकारशक्ती दबलेल्या रुग्णाच्या घरी काय करायचं

किमो सुरू असलेल्या, किडनी ट्रान्सप्लांट झालेल्या किंवा रिटुक्सिमॅब (प्रतिकारशक्ती दाबणारं इंजेक्शन) घेणाऱ्या माणसाला सर्दी-ताप आला की घरात ठरलेला हिशेब मांडला जातो: पाच दिवस गोळ्या, आठवडाभर आराम, मग सगळं पूर्ववत. हा हिशेब धडधाकट शरीराचा आहे. निरोगी मोठ्या माणसाच्या श्वासातून फ्लूचा विषाणू साधारण ५ ते ७ दिवस बाहेर पडतो, आरएसव्ही (श्वसनाचा आणखी एक विषाणू) ३ ते ८ दिवस, आणि कोविडचा विषाणू बहुतेकांत १० दिवसांच्या आत निष्प्रभ होतो. प्रतिकारशक्ती दबलेली असेल तर हेच विषाणू कित्येक आठवडे फुप्फुसात तग धरतात. आरएसव्ही अशा रुग्णांकडून ४ आठवड्यांपर्यंत पसरू शकतो. कोविडच्या टोकाच्या नोंदी तर थक्क करणाऱ्या आहेत: बोस्टनच्या एका रुग्णात १५४ दिवस (२०२०), लंडनमध्ये ५०५ दिवस (२०२२), नेदरलँड्समध्ये ६१३ दिवस (२०२४). एवढं लांबणं दुर्मीळ आहे. काही आठवडे रेंगाळणं मात्र दुर्मीळ नाही, आणि ते वेळेवर ओळखलं जात नाही हे खरं दुखणं आहे.

म्हणून या रुग्णांच्या बाबतीत ‘किती दिवस झाले’ एवढं विचारून भागत नाही. विषाणू अजून वाढतोय का, याचा पुरावा लागतो. तो पहिल्या दिवसापासून लिहून ठेवला असेल तरच तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरांच्या कामी येतो.

हे कोणासाठी

रक्ताचे कर्करोग (लिम्फोमा, ल्युकेमिया, मायलोमा); बोन मॅरो किंवा अवयवाचं प्रत्यारोपण; संधिवात, ल्युपस यांसाठी रिटुक्सिमॅब, मायकोफिनोलेट, सायक्लोफॉस्फमाइड, रोज २० मिलिग्रॅम किंवा जास्त प्रेडनिसोलोन दोन आठवडे वा अधिक, एचआयव्हीत सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या) पेशी २०० च्या खाली, जन्मजात प्रतिकारदोष. नुसता मधुमेह किंवा नुसतं वय झालेलं असणं या यादीत बसत नाही. त्यांना आजार तीव्र होण्याचा धोका असतो, पण विषाणू महिनोन्‌महिने टिकण्याचं कारण सहसा वेगळं असतं. एचआयव्हीचं औषध नियमित चालू असून सीडी४ चांगल्या असतील तर तो रुग्णही या गटातून बाहेर पडतो.

औषधागणिक धोक्याची जात बदलते. रिटुक्सिमॅब बी पेशी संपवतं, आणि शेवटच्या डोसनंतर ६ ते १२ महिने नवे प्रतिपिंड नीट तयार होत नाहीत. अशा रुग्णाचा आजार सहसा धिम्या आचेवर चालतो: बारीक ताप, कोरडा खोकला, थोडी धाप, मध्ये चार दिवस बरं आणि पुन्हा ताप. ट्रान्सप्लांटनंतरच्या टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट या गोळ्यांच्या जोडीला स्टिरॉइड असेल तर टी पेशीही दबतात, आणि विषाणूने बाधित झालेल्या पेशी साफ करण्याचं मुख्य काम त्यांचंच असतं. तुमच्या रुग्णाचा यातला कोणता हात बांधलेला आहे, हे बऱ्या दिवसांतच डॉक्टरांना विचारून घ्या.

आजार येण्याआधी: एक पान

मोबाइलमध्ये फोटो आणि फाइलमध्ये कागद, दोन्ही ठेवा. त्यावर इतकंच हवं: निदान, सगळी औषधं डोससह, रिटुक्सिमॅब किंवा किमोच्या शेवटच्या फेरीची तारीख, वजन, शेवटचं क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), न्यूट्रोफिल या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा शेवटचा आकडा, रक्तातलं आयजीजी (प्रतिपिंडांचं प्रमाण), बऱ्या स्थितीतला बसल्याजागी आणि चालल्यावरचा ऑक्सिजन. यातला शेवटचा आकडा जवळजवळ कोणीच ठेवत नाही. एरवी ९८ असलेला माणूस ९५ वर आला तर ती घसरण आहे, पण कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना ९५ ‘ठीक’ दिसतो. हा मजकूर पुण्यातल्या घरांसाठी आहे, आणि पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे. एवढ्या उंचीने ऑक्सिजनच्या आकड्यात म्हणण्यासारखा फरक पडत नाही, तेव्हा ती सबब धरू नका.

याच वेळी तुमच्या तज्ज्ञांकडून तीन गोष्टी लिहून घ्या. टेस्ट पॉझिटिव्ह आली तर त्याच दिवशी कोणत्या नंबरवर फोन करायचा? औषध कोणतं, आणि ते कुठल्या दुकानात किंवा रुग्णालयात मिळेल? आणि नेहमीच्या गोळ्यांपैकी कोणती थांबवायची, कोणती अजिबात नाही?

पहिले ४८ तास

घसा खवखवला, नाक वाहू लागलं, कणकण आली की त्याच दिवशी टेस्ट करा. ताप येण्याची वाट पाहू नका, कारण स्टिरॉइड घेणाऱ्याला ताप येतोच असं नाही. घरच्या किटने कोविड निगेटिव्ह दिसला म्हणून विषय संपत नाही. पहिल्या दिवसांत रॅपिड टेस्ट चुकू शकते. ४८ तासांनी ती पुन्हा करा, आणि शक्य असेल तर थेट आरटी-पीसीआर करा. पुण्यातल्या मोठ्या लॅब घरून स्वॅब नेतात. मागणी करताना ‘कोविड आणि फ्लू’ एवढंच न म्हणता श्वसनविषाणूंचं पॅनेल आहे का ते विचारा. त्यात फ्लू, आरएसव्ही, पॅराइन्फ्लुएन्झा, मेटान्यूमोव्हायरस, अॅडेनोव्हायरस, ऱ्हायनोव्हायरस असे बरेच एकदम तपासले जातात. पॅनेल महाग असतं. बोन मॅरो प्रत्यारोपण झालेल्यांना आणि लिम्फोमाच्या रुग्णांना तो खर्च सार्थकी लागतो. साध्या गोळ्यांवर असलेल्या संधिवाताच्या रुग्णाला बहुधा फ्लू-कोविड पुरतं.

स्वॅब घेताना होणारी नेहमीची चूक म्हणजे काडी नाकाच्या तोंडाशीच फिरवणं. किटच्या कागदावर जितकं आत सांगितलंय तितकं आत, दोन्ही नाकपुड्यांत, भिंतीला घासून प्रत्येकी पाच वेळा फिरवा. त्याआधी नाक शिंकरून घ्या. रेषा ठरलेल्या वेळातच वाचा. तासाभराने उमटलेली फिकट रेषा धरू नका.

औषधांत वेळेला फार किंमत आहे. फ्लूसाठी ओसेल्टामिविर ४८ तासांत सुरू झालं तर उत्तम. पण प्रतिकारशक्ती दबलेल्या रुग्णात उशीर झाला तरी ते दिलं जातं, आणि पाचऐवजी जास्त दिवसही दिलं जातं. नेहमीचा डोस ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पण किडनी कमजोर असेल तर तो कमी करावा लागतो. म्हणून चिठ्ठी लिहिणाऱ्यापुढे क्रिएटिनिनचा आकडा ठेवा. विषाणू लांबला तर या औषधाला न जुमानणारा वाण तयार होऊ शकतो. ताप उतरून पुन्हा चढला तर हे डॉक्टरांना आठवण करून द्यायला संकोचू नका.

कोविडसाठी निर्माट्रेलव्हिर-रिटोनाव्हिर लक्षणं सुरू झाल्यापासून ५ दिवसांत सुरू करायचं असतं. इथे ट्रान्सप्लांटच्या घरांनी थांबून दोनदा वाचावं: रिटोनाव्हिरमुळे टॅक्रोलिमस शरीरातून बाहेर पडणं जवळजवळ थांबतं, आणि एकदोन दिवसांत त्याची पातळी किडनीला घातक होऊ शकते. हे औषध द्यायचं ठरलं तर टॅक्रोलिमस कधी थांबवायचं, पुन्हा कधी सुरू करायचं, रक्तातली पातळी कोणत्या दिवशी तपासायची, हे ट्रान्सप्लांटचे डॉक्टर ठरवतात. गल्लीतल्या दवाखान्यात हा निर्णय होऊ नये. अशा रुग्णांना बऱ्याचदा शिरेतून रेमडेसिविर सोयीचं पडतं. पहिल्या दिवशी २०० मिलिग्रॅम आणि पुढचे दोन दिवस १००, असा तीन दिवसांचा कोर्स लक्षणांच्या ७ दिवसांत सुरू करतात, आणि त्याचा टॅक्रोलिमसशी झगडा नाही.

आरएसव्ही, पॅराइन्फ्लुएन्झा, मेटान्यूमोव्हायरस यांना रोजच्या वापरातलं खात्रीचं औषध नाही. बोन मॅरोच्या काही रुग्णांत आरएसव्हीसाठी रिबाव्हिरिन वापरतात, तो निर्णय त्याच युनिटचा. मग टेस्ट तरी कशाला, असा प्रश्न येतो. उत्तर असं की नाव कळलं की विनाकारण अँटिबायोटिक टळतं, किमो किंवा प्रत्यारोपणाची तारीख पुढे ढकलायची का ते ठरतं, आणि घरात किती दिवस काळजी घ्यायची हेही कळतं.

केमिस्टकडून परस्पर घेऊ नये असं काही

क्लॅरिथ्रोमायसिन आणि फ्लुकोनाझोल ही औषधं टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन (ट्रान्सप्लांटचंच दुसरं औषध) यांची रक्तातली पातळी वाढवतात, टीबीचं रिफाम्पिसिन ती खाली पाडतं. लेव्होफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक खोकल्यासाठी परस्पर घेतलं तर आत दडलेला टीबी अर्धवट दबतो आणि निदान लांबतं. आपल्याकडे ही चूक महाग पडते. डेक्सामेथासोनची गोळी ‘छाती मोकळी व्हायला’ म्हणून सर्रास दिली जाते. ऑक्सिजनची गरज नसताना पहिल्या आठवड्यात तिचा कोविडमध्ये उपयोग नाही, आणि विषाणूला मात्र मोकळं रान मिळतं. २०२१ मध्ये महाराष्ट्राने म्युकरमायकोसिसची (काळ्या बुरशीची) लाट पाहिली, त्यात मधुमेह आणि बेसुमार स्टिरॉइड यांचा मोठा हात होता.

याच्या उलट चूकही तितकीच धोक्याची आहे. महिनोन्‌महिने प्रेडनिसोलोन घेणाऱ्याने घाबरून ते एकदम बंद केलं तर शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड तयार नसतं, रक्तदाब कोसळू शकतो. आजारपणात उलट डोस तात्पुरता वाढवावाही लागतो. ट्रान्सप्लांटच्या गोळ्या स्वतःहून थांबवल्या तर अवयव नाकारला जातो. कमी करायच्या, पण डॉक्टरांनी.

गुळवेलीचा काढा घरोघरी होतो. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदले गेले आहेत, आणि प्रतिकारशक्ती जाणूनबुजून दाबून ठेवलेल्या रुग्णाला ती ‘वाढवणारी’ वनस्पती देणं मुळातच उलटं आहे. हळद-दूध चालेल. वाफ घेतली तर नाकाला आराम मिळतो, विषाणू मरत नाही, आणि उकळत्या पातेल्यावर वाकून भाजल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत. गणपतीच्या सुमारास मंडईत पपनस येतं. टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन घेणाऱ्यांनी ते टाळा, ग्रेपफ्रूटसारखंच ते रक्तातली पातळी वाढवतं.

नोंदवही

दिवसातून तीनदा, ठरलेल्या वेळी, पॅरासिटामॉल घेण्याआधी. एका ओळीत मावेल इतकंच, उदाहरणार्थ:

दिवस ९, सकाळी ८. ताप ९९.८. ऑक्सिजन ९६, चालल्यावर ९३. नाडी १०४. श्वास २२. खोकला कोरडा. गोळी नाही.

‘दिवस ९’ हे पहिल्या लक्षणाच्या दिवसापासून मोजा, टेस्टच्या दिवसापासून नाही.

ऑक्सिमीटरचं वाचन बहुतेक घरांत चुकतं. पाच मिनिटं शांत बसा, बोट गरम असू द्या, नेलपॉलिश किंवा गडद मेंदी नसलेलं बोट निवडा, हात छातीच्या उंचीवर स्थिर धरा, आणि आकडा एक मिनिटभर स्थिरावल्यावरच लिहा. यंत्र अडखळत असेल तर दुसऱ्या बोटावर पाहा. सावळ्या त्वचेवर हे यंत्र कधी कधी प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवतं, म्हणून ९४ दिसला तरी निर्धास्त होऊ नका.

चालण्याची परीक्षा रोज एकदा: बसल्याजागी ९४ किंवा जास्त असेल तरच, सपाट खोलीत किंवा पॅसेजमध्ये सहा मिनिटं, ऑक्सिमीटर बोटाला लावून, शेजारी कोणीतरी हवं. ४ अंकांनी किंवा जास्त घसरलं, किंवा ९३ च्या खाली गेलं, तर तीच नोंद घेऊन डॉक्टरांना फोन करा. फुप्फुसातला आजार बसलेल्या माणसात दिसत नाही, तो चालताना उघडा पडतो. श्वास मोजताना रुग्णाला सांगू नका. पोटावर नजर ठेवून पूर्ण ६० सेकंद मोजा. २४ च्या वर गेला तर तो वाढलेला समजा.

किमोनंतर ७ ते १४ दिवसांच्या टप्प्यात न्यूट्रोफिल ५०० च्या खाली असू शकतात. या काळात १००.४ ताप तासभर टिकला किंवा एकदाही १०१ झाला तर वही बाजूला ठेवा आणि सरळ रुग्णालयात जा. तिथे अँटिबायोटिक पहिल्या तासात सुरू व्हायला हवं असतं. या रुग्णांचा ताप गुदद्वारातून मोजू नका.

चौदाव्या दिवसानंतर

सगळ्यात जास्त गफलत होते ती इथे, म्हणून इथे सावकाश वाचा.

दोन आठवड्यांनंतर खोकला, बारीक ताप किंवा धाप शिल्लक असेल तर चार शक्यता समोर ठेवाव्या लागतात. विषाणू खरंच जिवंत आहे आणि वाढतोय. विषाणू गेला, पण फुप्फुसाची सूज ओसरली नाही. विषाणूच्या पाठोपाठ दुसरा जंतू आला: जिवाणूंचा न्यूमोनिया, अॅस्परजिलस बुरशी, किंवा न्यूमोसिस्टिस ही फुप्फुसातली दुसरी बुरशी. किंवा हा पहिल्यापासूनच टीबी आहे. या चारांचा इलाज वेगवेगळा, काही बाबतींत एकमेकांच्या उलटा. सूज असेल तर स्टिरॉइड बरं करतं, विषाणू किंवा बुरशी असेल तर तेच घात करतं. त्यामुळे ‘पोस्ट-व्हायरल खोकला आहे, जाईल हळूहळू’ हे उत्तर या रुग्णांनी तपासाशिवाय स्वीकारू नये. दोन आठवड्यांच्या पुढच्या खोकल्याला थुंकीची टीबी तपासणी, सीबीनाट या जनुकीय चाचणीसकट, हवीच. ती सरकारी यंत्रणेत मोफत होते.

पुन्हा आरटी-पीसीआर केली तर रिपोर्टवरची सीटी व्हॅल्यू मागून घ्या. विषाणूचा अंश दिसायला यंत्राला किती फेऱ्या लागल्या, तो हा आकडा. आकडा लहान म्हणजे विषाणू जास्त. साधारण ३.३ फेऱ्यांचा फरक म्हणजे दहापट, म्हणजे २० आणि ३० यांत सुमारे हजारपटीचं अंतर. दोन गोष्टी मात्र सांभाळा. वेगवेगळ्या लॅबच्या किटांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत, म्हणून सगळे स्वॅब एकाच लॅबकडे द्या. आणि एकटा आकडा फारसं बोलत नाही, ओळ बोलते. ३४, ३५, मग निगेटिव्ह अशी ओळ म्हणजे बहुधा मेलेल्या विषाणूचे तुकडे. ३३, मग २४, मग २२ अशी ओळ असेल तर विषाणू पुन्हा वाढतोय, आणि अशा वेळी रॅपिड टेस्टही बऱ्याचदा पॉझिटिव्ह येते. फोनवर बोलताना स्कॅन की व्हॅल्यू हे स्पष्ट सांगा, घाईत दोन्ही ‘सीटी’ होऊन बसतात.

आता सगळ्यात फसवी गोष्ट. बी पेशी संपवणारी औषधं घेणाऱ्या रुग्णात नाकाचा स्वॅब निगेटिव्ह आणि फुप्फुसात विषाणू पॉझिटिव्ह असं अनेकदा घडतं. नाक साफ होतं, खाली आग धुमसत राहते. छातीच्या एचआरसीटी स्कॅनमध्ये ग्राउंड ग्लास (धुरकट काचेसारखे) डाग एका जागचे विरतात आणि दुसरीकडे नवे उगवतात. हे डाग फिरते आहेत हे कळायला आधीचा स्कॅन शेजारी ठेवावा लागतो, म्हणून फक्त रिपोर्ट नव्हे, फिल्म किंवा सीडीसुद्धा जपून ठेवा. अशा वेळी ब्रॉन्कोस्कोपीने फुप्फुस धुऊन घेतलेलं पाणी तपासलं तरच उत्तर मिळतं. ब्रॉन्कोस्कोपीला लोक घाबरतात, आणि ऑक्सिजन फार खाली असेल तर ती खरंच जोखमीची असते. नेमकं म्हणूनच ती तब्येत बरी असताना करून घेतलेली बरी. त्या एका नमुन्यातून विषाणू, टीबी, बुरशी आणि न्यूमोसिस्टिस सगळं एकदम तपासता येतं. तशी मागणी फॉर्मवर लिहिली आहे का, ते आधी पाहून घ्या. नमुना एकाच चाचणीला गेला आणि बाकीच्या राहिल्या, ही चूक वारंवार होते.

या भेटीला जाताना विचारायचे प्रश्न: आयजीजी किती आहे? ते ४०० (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) च्या खाली असेल तर इम्युनोग्लोब्युलिनचा, म्हणजे तयार प्रतिपिंड शिरेतून देण्याचा, विचार करायचा का? मायकोफिनोलेट किंवा पुढचा रिटुक्सिमॅब डोस काही काळ थांबवता येईल का? जिवंत विषाणू सिद्ध झाला तर औषधांचा लांब कोर्स किंवा दोन औषधं एकत्र द्यायची का? या शेवटच्या प्रश्नाला पाठ्यपुस्तकी उत्तर नाही. असे रुग्ण संसर्गरोगतज्ज्ञ आणि मूळ आजाराचे डॉक्टर मिळून हाताळतात, आणि दोघांना एकमेकांशी बोलायला लावणं हे घरच्यांचं काम ठरतं. त्यासाठी वहीचं पान दोघांना एकाच वेळी पाठवा.

राष्ट्रीय विषाणू संस्था पुण्यातच आहे, १९५२ पासून. म्हणून काही जण थेट तिथे नमुना न्यायचा विचार करतात. तसं करू नका. जनुकीय क्रमवारीची गरज वाटली तर नमुना रुग्णालयाकडून, पूर्ण माहितीसह जातो. रुग्णाच्या रोजच्या इलाजाला ती सहसा लागतही नाही.

खोली आणि हवा

रुग्ण आठवडेच्या आठवडे विषाणू सोडत असेल तर घरातल्यांना जपावं लागतं. तितकंच महत्त्वाचं म्हणजे रुग्णाला दुसऱ्या विषाणूपासून जपावं लागतं. फिनाइलने फरशी पुसण्यापेक्षा हवा बदलणं इथे जास्त कामाचं आहे.

१० बाय १२ फुटांची, १० फूट उंच खोली म्हणजे १२०० घनफूट, सुमारे ३४ घनमीटर. तासाला ५ वेळा हवा बदलायची तर १७० घनमीटर स्वच्छ हवा लागते. एअर प्युरिफायर घेताना खोक्यावरचा सीएडीआर (तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा मिळते तो) आकडा पाहा. तो सर्वांत वेगवान गतीचा असतो आणि त्या आवाजात झोप लागत नाही, म्हणून २५० ते ३०० चा घ्या आणि मधल्या गतीवर चालवा. हेपा फिल्टरच हवा. आयोनायझर आणि ओझोनची बटणं बंद ठेवा. प्युरिफायर परवडत नसेल तर खिडकीत बाहेर हवा फेकणारा एक्झॉस्ट फॅन लावा आणि दाराखाली इंचभर फट ठेवा, म्हणजे हवा घरातून खोलीत आणि खोलीतून बाहेर वाहील. पेठांतल्या वाड्यात खोलीला एकच खिडकी असेल आणि ती चौकात उघडत असेल तर फॅनचं तोंड शेजाऱ्याच्या दाराकडे नसेल एवढं बघा. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच फिरवतो. पावसाळ्यात खिडक्या बंद होतात तेव्हा कार्बन डायऑक्साइडचा मीटर उपयोगी पडतो: ८०० पीपीएमच्या आत ठेवायचा प्रयत्न करा.

मास्क दोघांनीही एन९५, डोक्यामागून पट्टा जाणारा. व्हॉल्व्हचा मास्क रुग्णाला देऊ नका, त्यातून श्वास तसाच बाहेर पडतो. जोरात श्वास सोडल्यावर चष्म्यावर वाफ धरली तर नाकावरची पट्टी नीट बसलेली नाही. दाढीवर मास्क बसत नाही. पावसात ओला झालेला मास्क बदला. रुग्णाला दम लागत असेल तर मास्क त्याच्यावर लादू नका, काळजी घेणाऱ्याने घाला. कामाला येणाऱ्या मावशींना ‘घरात आजारी आहे’ एवढंच न सांगता काय आहे ते सांगा, मास्क द्या, आणि त्यांना स्वतःला सर्दी असेल त्या दिवशी पगार न कापता सुट्टी द्या. पगार जाणार असेल तर सर्दी लपवली जाते, आणि ती रुग्णापर्यंत पोचते.

सोसायटीचं रिडेव्हलपमेंट चालू असेल तर त्या बाजूची खिडकी पाडकामाच्या वेळात बंद. धुळीतून अॅस्परजिलसचे बीजाणू येतात, आणि विषाणूने सोललेल्या फुप्फुसात ते सहज रुजतात. कोथरूडपासून सहकारनगरपर्यंत जुन्या इमारती पाडल्या जात असताना हा धोका पुस्तकातला राहिलेला नाही. खोलीत धूप, अगरबत्ती, कॉइल नको.

पुण्याचं वेळापत्रक

इथे फ्लू वर्षातून दोनदा जोर धरतो: पावसाळ्यात आणि जानेवारी ते मार्चच्या सुमारास. २००९ च्या स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यूही पुण्यातच, ऑगस्टच्या सुरुवातीला झाला होता. लस एप्रिल-मेमध्ये घ्या, म्हणजे पाऊस सुरू होईपर्यंत परिणाम आलेला असतो. लसीला साधारण दोन आठवडे लागतात. इंजेक्शनची निष्क्रिय लसच घ्या. नाकात फवारायची फ्लूची लस पुण्यातच बनते, पण तिच्यात जिवंत, दुबळा केलेला विषाणू असतो, आणि ती या रुग्णांसाठी नाही. घरातल्या सगळ्यांनी इंजेक्शन घेतलं तर रुग्णाचं कवच वाढतं, कारण त्याच्या स्वतःच्या लसीचा प्रतिसाद अर्धवट येतो.

रिटुक्सिमॅबवर असताना फ्लूची लस हंगाम पाहून घ्या, डोसच्या तारखेसाठी लांबवू नका. न्यूमोकोकलसारख्या इतर लशी मात्र पुढचा डोस देय होईल तेव्हा घ्यायच्या आणि डोस किमान दोन आठवडे पुढे ढकलायचा, असं साधारण केलं जातं. अवयव प्रत्यारोपणानंतर फ्लूची लस एका महिन्यानंतर, बोन मॅरोनंतर सहसा सहा महिन्यांनी.

आषाढात पालख्यांचा मुक्काम नाना पेठेत आणि भवानी पेठेत असतो. त्या भागातल्या घरांत वारकऱ्यांची सेवा होते, माणसांची ये-जा असते. तेवढे दोन दिवस रुग्णाला दुसऱ्या नातेवाइकाकडे हलवणं सोपं पडतं. गणपतीत दर्शन पहाटे, मोकळ्या हवेत, मास्क लावून. मंडपात उभं राहून आरती नको. आणि अनंत चतुर्दशीला लक्ष्मी, टिळक, कुमठेकर, केळकर हे चारही रस्ते मिरवणुकीत अडकतात, मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. रुग्ण मध्यवस्तीत राहत असेल आणि त्या आठवड्यात आजारी असेल तर नदीपलीकडे किंवा रुग्णालयाच्या बाजूला आदल्या दिवशीच हलवा. रात्री धाप वाढल्यावर १०८ ची गाडीसुद्धा गर्दीतूनच यायची आहे.

ताबडतोब रुग्णालय

बसल्याजागी ऑक्सिजन ९४ च्या खाली. श्वास २४ च्या वर. थुंकीत रक्त. छातीत दुखणं. गुंगी, असंबद्ध बोलणं. लघवी कमी होणं. ट्रान्सप्लांटच्या गोळ्या उलटून पडत असतील तर तेही. न्यूट्रोफिल कमी असताना ताप, वर सांगितल्याप्रमाणे. निघताना एक पान, वही आणि आधीच्या स्कॅनची सीडी बरोबर घ्या. दाखल करून घेणाऱ्यांना पहिल्याच वाक्यात ‘प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू आहेत’ हे सांगा. ते ऐकल्यावर तपासाचा क्रमच बदलतो.

काळजी कधी सैल करायची

कोविडमध्ये या रुग्णांसाठी लक्षणांपासून किमान २० दिवस, औषधाशिवाय २४ तास ताप नाही, लक्षणं उतरलेली, आणि ४८ तासांच्या अंतराने दोन टेस्ट निगेटिव्ह, हे सगळं जुळल्यावर वेगळं राहणं संपवता येतं. यातलं एक जरी जुळत नसेल तर डॉक्टरांशी बोलून मुदत वाढवा. फ्लू आणि आरएसव्हीत इतका ठरीव नियम नाही. लहान बाळ किंवा दुसरा दुबळा माणूस घरात असेल तर लक्षणं पूर्ण जाईपर्यंत मास्क चालू ठेवा. थांबवलेली किमो किंवा पुढे ढकललेलं प्रत्यारोपण कधी सुरू करायचं हे युनिट ठरवेल, त्यांना सीटी व्हॅल्यूची ओळ आणि शेवटचा स्कॅन द्या.

वही पुढे तीन महिने हाताशी ठेवा. एवढ्या काळात खोकला किंवा ताप परत आला तर नवा ‘दिवस १’ लिहिण्याआधी जुना ‘दिवस १’ डॉक्टरांना सांगा. तो नवा संसर्ग आहे की जुनाच पुन्हा डोकं वर काढतोय, हे ठरवायला त्यांना आधी तीच तारीख लागेल.